न कळकलेले दूध

मराठीत 'कळकणे' असे एक क्रियापद आहे. आजच्या विद्यार्थ्यांना त्याचा अर्थ सांगावा लागतो. कल्हई उडालेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी राहिली की तिला हिरवट छटा आणि मळमळवणारी चव येते. ती 'कळकली' म्हणून टाकून द्यायची. 'कलंक' या शब्दाशी या क्रियापदाचे नाते उघड आहे. धातू अन्नात उतरतो आणि अन्न बिघडवतो, हे ज्ञान आपल्या स्वयंपाकघराने असे एका शब्दात साठवून ठेवले होते. मात्र जिभेला जिथवर चव कळते तिथवरच या ज्ञानाची धाव होती. त्यापलीकडे काय घडत होते, याचा एक दुःखद इतिहास आहे. तो वैद्यकाच्या नियतकालिकांत नोंदला गेला असला, तरी भाषा आणि समाज यांच्या अभ्यासकांनीही तो वाचावा, असे आम्हांला वाटते.

१८८७ साली कलकत्त्यात डॉ. सेन यांनी लहान मुलांच्या एका यकृतविकाराचे वर्णन केले. पुढे तो 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस' या नावाने ओळखला गेला. साधारणतः सहा महिने ते तीन-चार वर्षे वयाच्या मुलांना तो होई. मूल किरकिरे होई, बारीक ताप येई, पोट फुगू लागे, यकृत वाढून टणक होई. मग कावीळ, पोटात पाणी आणि बहुतेकदा काही महिन्यांत मृत्यू. एकाच घरातली दोन-तीन भावंडे एकामागून एक जाण्याचे प्रसंगही घडत. आपल्याकडे मुलाला 'काळजाचा तुकडा' म्हणतात. 'काळीज' हा शब्द संस्कृत 'कालेय'पासून आला आणि 'कालेय' म्हणजे यकृत. खाटकाच्या दुकानातली 'कलेजी' हा अर्थ अजून जपून आहे. मराठीने तो शब्द पुढे हृदयाला आणि मायेला दिला. या आजाराच्या संदर्भात मात्र तो वाक्प्रचार त्याच्या मूळ अर्थासह समोर येतो.

कारणांचा शोध दीर्घकाळ चालला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या यकृतरोगविषयक उपसमितीने १९५५ मध्ये या आजाराचा आढावा घेतला. आनुवंशिकता, कुपोषण, विषाणू, बुरशी लागलेल्या धान्यातील अफ्लाटॉक्सिन अशा अनेक शक्यता पुढे आल्या. आजारी मुले बव्हंशी ग्रामीण, मध्यम परिस्थितीतील, अनेकदा शाकाहारी हिंदू कुटुंबांतील असत; त्यामुळे जातीवर आणि रक्तावर बोट ठेवणे सोपे होते. आईच्या खाण्यापिण्यावर आणि नशिबावर ठेवणे तर त्याहून सोपे. प्रश्न अन्नाचा आहे अशी शंका अनेकांना होती. पण अन्न म्हणजे ताटातला पदार्थ, एवढीच त्या शंकेची व्याप्ती राहिली. पदार्थ ज्यात तापतो, ते भांडे तिच्याबाहेर राहिले.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस या मुलांच्या यकृताच्या तपासणीत तांब्याचे प्रचंड साठे आढळले. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या एका ग्रॅममागे तांबे सहसा ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. या मुलांत ते अनेक शेकड्यांपासून हजारांपर्यंत गेलेले होते. तांबे आले कोठून? येथे पुण्याचा संबंध येतो. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या प्रश्नावर एकत्र काम केले. मुलांना काय पाजले, कोणत्या वयापासून पाजले आणि ते कोणत्या भांड्यात तापवले व ठेवले, हे त्यांनी विचारले. १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांच्या गटाचा निबंध प्रसिद्ध झाला. १९८७ साली आजारी आणि निरोगी मुलांच्या आहाराची तुलना आली. आजारी मुलांना वरचे दूध लवकर सुरू झालेले होते आणि ते पितळी भांड्यांत तापवलेले वा साठवलेले असे.

यामागची प्रक्रिया समजण्यासारखी आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. दुधातील केसिन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. म्हणून कल्हई नसलेल्या भांड्यात तापवलेले दूध पाण्यापेक्षा कितीतरी अधिक तांबे ओढून घेते. यकृत जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकते, परंतु तान्ह्या मुलात ही यंत्रणा पुरती विकसित झालेली नसते. शिवाय जन्मतःच त्याच्या यकृतात तांब्याचा साठा मोठा असतो. अंगावरच्या दुधात तांबे थोडेच असते. चरवीतल्या दुधातून मात्र ते रोज थोडे थोडे जात राही.

आता पुन्हा 'कळकणे'कडे वळू. ताक कळकते, आमटी कळकते. गोड दूध कळकले, असे सहसा कोणी म्हणत नाही. त्याचा रंग पालटत नाही, तोंड वेडेवाकडे होत नाही. दूध हे तर पावित्र्याचे आणि पितळ हे प्रतिष्ठेचे प्रतीक. घासूनपुसून लखलखीत ठेवलेल्या भांड्यात बाळाचे दूध तापवणारी आई आपल्या संस्कृतीने शिकवलेली उत्तमातली उत्तम काळजीच घेत होती. ज्या धोक्याला शब्द नव्हता, तो तिला दिसणार कसा? म्हणून या इतिहासाचे वाचन करताना तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे ठरेल. उलट, हे कोडे सुटले ते तिला विचारल्यामुळे, तिच्या रोजच्या कामाच्या तपशिलाला पुरावा मानल्यामुळे.

हा दोष केवळ भारतीय रक्ताचा नव्हता, याचाही पुरावा मिळाला. ऑस्ट्रियातील पश्चिम टिरोलच्या खेड्यांत १९०० ते १९७४ या काळात १३८ लहान मुले अशाच विकाराने दगावल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. तेथेही गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तापवले जात होते. त्याच भांड्यांतले दूध पिणारी सारीच मुले आजारी पडली नाहीत. म्हणजे काही जन्मजात कलही असावा. पण भांडी बदलली आणि आजार संपला.

आपल्याकडेही तसेच झाले. पुणे परिसरात मातांना भांडी बदलण्याचा सल्ला दिला गेला, १९९२ मध्ये या प्रतिबंधाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि एके काळी बालरोग विभागांत नेहमी दिसणारा हा विकार दुर्मीळ झाला. त्याच सुमारास घरोघरी पितळ मोडीत जाऊन स्टेनलेस स्टील येत होते. गृहिणींनी ते घासायला सोपे म्हणून, कल्हईचा खर्च वाचतो म्हणून आणले. त्यात किती मुले वाचली, याची त्यांना कल्पनाही नव्हती. त्या काळात स्टीलवर 'परंपरेचा ऱ्हास' म्हणून हळहळणाऱ्या आपल्या ललित लेखनाने या बाजूचाही हिशेब मांडायला हवा.

आज तांब्या-पितळेची भांडी पूर्वजांचे शहाणपण म्हणून पुन्हा विकली जात आहेत. निरोगी प्रौढाने तांब्याच्या गडूतले पाणी पिणे आणि तान्ह्या बाळाला पितळेतले दूध पाजणे या दोन गोष्टी एक नव्हेत. सरसकट भीती घालण्याचे कारण नाही. परंतु पूर्वजांचे शहाणपण पितळेत होते तसे कल्हईतही होते. कथील आणि नवसागर घेऊन दारोदार फिरणारा कल्हईवाला हाही त्या परंपरेचाच भाग होता, आणि 'कळकणे' हा शब्दही. परंपरेतली वस्तू उचलायची आणि तिच्याबरोबरची सावधगिरी मागे टाकायची, याला आठवण म्हणता येणार नाही. शब्द विस्मरणात जातात तेव्हा कधी कधी त्यांच्याबरोबर एक इशाराही जातो. आणि तो इशारा होता तेव्हाही अपुरा होता, हे शिकायला चरवीतल्या दुधाची एवढी मोठी किंमत मोजावी लागली.