तळपाय आणि तोल

काशाच्या वाटीला तूप लावून तळपाय घासण्याची चाल मराठी घरांत जुनी आहे. डोळ्यांची आग थांबावी, अंगातील उष्णता उतरावी, शांत झोप लागावी, यासाठी ती पाळली जाई. परंतु पायांच्या मर्दनाचा आणखी एक गुण प्राचीन वैद्यांनी नोंदवून ठेवला होता, आणि लोकव्यवहारात त्याची फारशी आठवण उरली नाही. तो गुण म्हणजे पावलांचे स्थैर्य.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात पादाभ्यंगाचे फळ सांगितले आहे. पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, रुक्षता, शीण आणि बधिरता त्याने शमतात; पावलांना मृदुता, बळ व स्थैर्य लाभते; दृष्टी निवळते. वाग्भटानेही अष्टांगहृदयात अभ्यंग सांगताना मस्तक, कान आणि पाय यांकडे विशेष लक्ष देण्यास सुचविले. बधिरता जाणे आणि स्थैर्य येणे ही दोन्ही फळे चरकात शेजारीशेजारी यावीत, हे लक्षणीय आहे. त्या दोहोंमधील दुवा उलगडण्यास मात्र पुष्कळ शतके जावी लागली.

तो दुवा सापडला एका दुखण्याच्या वाटेने. बर्लिनचे वैद्य मोरित्स रोम्बेर्ग यांचा मज्जाविकारांवरील ग्रंथ १८४० ते १८४६ या काळात प्रसिद्ध झाला. पृष्ठरज्जूच्या एका विकारात रोग्याला पायांखालची जमीन लोकरीसारखी किंवा मऊ वाळूसारखी भासते, असे त्यांनी नमूद केले. असा रोगी डोळे उघडे असेपर्यंत कसाबसा उभा राहतो. डोळे मिटताच डोलू लागतो. पायांकडून येणारी वार्ता बंद पडलेली असते, आणि तिची उणीव इतका वेळ डोळे भरून काढीत असतात. रोम्बेर्ग यांच्या नावाची ही परीक्षा आजही वैद्य करतात. पुढे १९०६ साली इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी स्नायू व सांधे यांच्या या अंतःसंवेदनेला शास्त्रीय नाव दिले. डोळे, अंतर्कर्ण आणि पायांची जाणीव, या तिघांच्या साहाय्याने माणूस तोल राखतो, हे आज सर्वमान्य आहे.

विसाव्या शतकात मर्दनाला दुसरेही वळण लागले. अमेरिकेत विल्यम फिट्झजेराल्ड यांनी १९१७ साली आणि युनिस इंगम यांनी १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध केले, आणि तळपायावर यकृत, हृदय, मूत्रपिंड यांच्या जागा दाखविणारे नकाशे लोकप्रिय झाले. त्या नकाशांना भक्कम पुरावा मिळालेला नाही. तोलाची गोष्ट निराळी. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगात वृद्धांच्या पावलांना व घोट्यांना वीस मिनिटे मर्दन व चालना दिल्यावर त्यांचे एका पायावर उभे राहणे काही अंशी सुधारलेले आढळले. हा परिणाम तात्काळ मोजलेला होता. तो किती काळ टिकतो, हे त्यावरून ठरत नाही.

तरीही म्हातारपणी एकदा पडलेला माणूस कित्येकदा अंथरुणाला खिळतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या लहानशा लाभाचेही मोल कळते. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी मात्र जपावे; वाटीच्या घर्षणाने झालेली जखम त्यांना कळतही नाही. इतरांच्या बाबतीत, घरातील वडीलधाऱ्यांचे पाय चोळणे ही केवळ सेवा नव्हे. जमिनीशी असलेली त्यांची ओळख ताजी ठेवण्याचा तो एक साधा उपाय आहे.