प्रेक्षक नावाचा साक्षीदार

बी. आर. चोप्रा यांचा ‘कानून’ मी प्रथम पाहिला तो दूरदर्शनवर, शेजाऱ्यांच्या घरी सतरंजीवर बसून. सोबत वडील होते. त्यांची उभी हयात तालुक्याच्या कोर्टात कारकुनी करण्यात गेली. चित्रपट संपल्यावर सगळे शेवटच्या कलाटणीवर बोलत होते. वडील मात्र गप्प. घरी आल्यावर दारात चपला काढताना एवढेच म्हणाले, “मीही शपथेवर सांगितलं असतं, जजसाहेबांनीच मारलं म्हणून.” रहस्यपटांवर टिपणे काढण्याचा माझा छंद तिथून सुरू झाला आणि दरवेळी मी त्या वाक्यापाशीच परत आलो.

‘कानून’ 1960 चा. हिंदी चित्रपट गाण्यांवर चालण्याच्या त्या काळात यात एकही गाणे नाही. सलील चौधरी यांचे केवळ पार्श्वसंगीत आहे. याचे कारण सोपे आहे. गाणे सुरू झाले की प्रेक्षक पाय मोकळे करतो, शेजाऱ्याशी बोलतो, बाहेर जाऊन विडी ओढून येतो. साचत आलेला ताण तेवढ्यात ओसरतो. चोप्रांनी ती पळवाटच ठेवली नाही.

पण गाणी काढून टाकल्याने उत्कंठा आपोआप निर्माण होत नाही. आल्फ्रेड हिचकॉक यांनी 1962 मध्ये फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी बोलताना हा मुद्दा टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण देऊन उलगडला होता. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो. तो टेबलाखाली आहे हे प्रेक्षकाला आधी कळले आणि टेबलाभोवती बसलेल्यांना कळले नाही, तर तीच साधी बैठक कितीतरी वेळ श्वास रोखायला लावते. म्हणजे उत्कंठा लपवण्यातून येते त्याहून अधिक सांगण्यातून येते.

‘कानून’मध्ये हा बॉम्ब दोनदा ठेवलेला आहे. पहिल्याच प्रकरणात जीवन यांनी साकारलेला आरोपी कोर्टात उभा आहे. ज्या माणसाच्या खुनासाठी त्याने दहा वर्षे तुरुंगात काढली, तो माणूस जिवंतच होता. सुटून आल्यावर याने त्याला खरोखर मारले. एकाच खुनाची शिक्षा दोनदा कशी देणार आणि माझी गेलेली वर्षे कोण परत देणार, असा त्याचा सवाल आहे. हे प्रकरण लवकरच संपते, पण कोर्ट चुकू शकते ही जाणीव प्रेक्षकाच्या मनात राहते.

मग मुख्य खून होतो. वकील कैलास (राजेंद्रकुमार) सावकाराच्या घरी आलेला असताना लपून पाहतो. न्यायाधीश बद्रीप्रसाद (अशोककुमार), म्हणजे त्याचे होणारे सासरे, सावकाराला भोसकून निघून जातात. आपणही ते पाहतो. पकडला जातो तो मात्र चोरी करायला आलेला एक गरीब भुरटा चोर. ही भूमिका नाना पळशीकर यांची. तिच्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. आता खुनी कोण हा प्रश्न उरतच नाही. जे आपल्याला ठाऊक आहे ते कैलास बोलेल का, आणि तो बोलेपर्यंत त्या चोराला फाशी तर होणार नाही ना, एवढाच प्रश्न उरतो. पिंजऱ्यात उभ्या पळशीकरांचा भेदरलेला चेहरा पाहताना आपण अस्वस्थ होतो, कारण त्याला वाचवणारी माहिती आपल्याजवळ आहे.

याच सुमारास मुंबईत नानावटी खटला गाजत होता. 27 एप्रिल 1959 रोजी प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या कोणी झाडल्या हे सर्वांना ठाऊक होते. नौदल अधिकारी कावस नानावटी स्वतःच पोलिसांसमोर हजर झाले होते. तरीही लोक प्रत्येक सुनावणीच्या बातमीवर तुटून पडत. खुनी माहीत असूनही उत्सुकता टिकते याचा तो वास्तवातला पुरावाच म्हणायचा.

आता शेवट. खून न्यायाधीशांनी नव्हे, हुबेहूब त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या माणसाने केलेला असतो. ही प्रेक्षकांची फसवणूक आहे, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’मध्येही (1964) साम्याचाच आधार आहे. मरण पावलेल्या पत्नीसारखी दिसणारी स्त्री कोर्टात उभी राहते आणि ती खरी कोण, हे कोडे आरंभापासून उघड्यावर असते. ‘कानून’मध्ये तशी सूचना नाही. एरवी जुळ्या चेहऱ्याची युक्ती मलाही लंगडीच वाटते.

इथे मात्र मी चोप्रांच्या बाजूने उभा राहीन. एखाद्याच्या डोळ्यांवर विसंबून कुणाला फासावर द्यावे का, हा चित्रपटाचा मूळ प्रश्न आहे. तो भाषणातून पटवता आला असता, पण मग तो कैलासपुरताच राहिला असता. चोप्रांनी आपल्यालाच प्रत्यक्षदर्शी साक्षीदार केले आणि आपली साक्ष खोटी ठरवली. आपण खोटे बोलत नव्हतो. आपण पाहिले होते, आणि तरीही चुकलो होतो. पहिल्या प्रकरणातले कोर्ट जसे चुकले, अगदी तसेच.

वडिलांनी नोकरीत शेकडो जबान्यांच्या नकला उतरवल्या होत्या. “माझ्या डोळ्यांनी पाहिलं” हे शब्द त्यांनी किती वेळा लिहिले असतील, कोण जाणे. त्यांतले कुठले प्रकरण त्यांना त्या रात्री आठवले, हे मी कधी विचारले नाही. त्यानंतर चार-सहा दिवस ते जेवताना नेहमीपेक्षा कमी बोलत होते, एवढे मला आठवते.