पाटील, सदाशिव कानोजी : मुंबईचे महापौर व केंद्रीय राजकारण

मुंबई महानगरपालिकेचे महापौर (१९४९–५२), केंद्रीय मंत्री व काँग्रेस पक्षाचे एक प्रभावी संघटक. स. का. पाटील या नावाने परिचित. मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणून त्यांचा उल्लेख केला जाई. महानगराच्या बळावर दिल्लीत स्थान मिळविणारा, परंतु त्याच महानगराच्या प्रश्नामुळे स्वतःच्या प्रांतात एकाकी पडलेला नेता, या दृष्टीने त्यांच्या कारकीर्दीचा अभ्यास उद्‌बोधक ठरतो.

मुंबईचे महापौरपद हे मानाचे असले, तरी अधिकाराचे नाही. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमान्वये कार्यकारी सत्ता शासननियुक्त आयुक्ताच्या हाती असून महापौर हा मुख्यतः सभेचा अध्यक्ष असतो. पूर्वी या पदाधिकाऱ्यास अध्यक्षच म्हणत; महापौर ही संज्ञा १९३१ पासून रूढ झाली. पॅरिसच्या महापौरपदी १९७७ ते १९९५ अशी सलग अठरा वर्षे राहून झाक शिराक फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोहोचले. मुंबईत मात्र महापौर दरवर्षी निवडला जाई आणि हे पद निरनिराळ्या समाजांमध्ये आळीपाळीने फिरविण्याचा संकेतही दीर्घकाळ पाळला गेला. एका वर्षाच्या या मानपदावर राजकीय भवितव्य उभारणे अवघडच होते. तरीही महापालिकेच्या सभागृहातून मोठी माणसे पुढे आली. फिरोजशाह मेहता यांनी अध्यक्षपद भूषविल्यानंतर १८९० मध्ये त्यांना काँग्रेसचे अध्यक्षपद मिळाले. विठ्ठलभाई पटेल हे महापालिकेच्या अध्यक्षपदानंतर १९२५ मध्ये मध्यवर्ती विधानसभेचे अध्यक्ष झाले. दोघांचेही खरे सामर्थ्य त्या पदाबाहेर होते. पाटील यांच्याबाबतीतही तेच म्हणावे लागते.

पाटील मूळचे सावंतवाडी परिसरातील. असहकारितेच्या चळवळीत शिक्षण सोडून ते काँग्रेसच्या कार्यात पडले. मुंबई प्रदेश काँग्रेस समितीचे सरचिटणीस म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले व पुढे ते तिचे अध्यक्ष झाले. मुंबई शहराची काँग्रेस समिती ही महाराष्ट्राच्या समितीहून स्वतंत्र होती, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. गिरणीमालक, व्यापारी व दलाल यांच्याकडून पक्षासाठी निधी उभारण्याचे केंद्र मुंबई हेच असल्याने, या समितीचा सूत्रधार देशभरच्या पक्षकार्याला आवश्यक ठरे. सरदार वल्लभभाई पटेलांचे विश्वासू सहकारी म्हणून पाटील यांची प्रतिष्ठा याच कार्यातून वाढली. ते संविधान सभेचेही सदस्य होते.

१९४९ पासून लागोपाठ तीन वेळा ते महापौर झाले. आळीपाळीच्या संकेताला पडलेला हा छेद त्यांच्या पक्षांतर्गत वर्चस्वाचे गमक होय. याच काळात, १९५० मध्ये, वांद्र्यापलीकडील उपनगरे महापालिकेच्या हद्दीत येऊन बृहन्मुंबई साकार झाली. १९५२ मध्ये दक्षिण मुंबईतून ते लोकसभेवर निवडून आले.

संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नाने त्यांच्या वाटचालीला निर्णायक वळण दिले. मुंबई महाराष्ट्रात समाविष्ट करण्यास त्यांचा विरोध होता. २० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीवर मोरारजी देसाई व पाटील यांची सभा झाली. त्यांच्या वक्तव्यांनी श्रोते संतप्त झाले व सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी मोर्चावर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाल्यावर पुन्हा रक्तपात झाला. आंदोलनात शंभरांहून अधिक माणसे बळी पडली. या प्रक्षोभाचे एक प्रमुख लक्ष्य पाटील ठरले. आचार्य अत्रे यांच्या मराठा दैनिकाने त्यांना ‘सदोबा’ म्हणून सातत्याने उपहासाचा विषय केले. १९५७ च्या निवडणुकीत पाटील यांनी आपली जागा राखली. महापालिका मात्र संयुक्त महाराष्ट्र समितीच्या ताब्यात गेली आणि १९५८ मध्ये कम्युनिस्ट नेते एस. एस. मिरजकर महापौर झाले.

याच टप्प्यावर त्यांची यशवंतराव चव्हाणांशी तुलना करणे उपयुक्त ठरते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात येऊन मराठवाडा व विदर्भ त्यात आले. विधिमंडळातील बहुमत आता साताऱ्यापासून अंबड-घनसावंगीच्या टापूपर्यंत पसरलेल्या ग्रामीण मतदारसंघांत ठरणार होते. चव्हाण या जगातील होते; पाटील यांच्या राजकारणाला तेथे मूळ नव्हते. परिणामी राज्याचे नेतृत्व चव्हाणांकडे गेले आणि पाटील यांना केंद्रात मार्ग शोधावा लागला. तो त्यांनी कौशल्याने शोधला, हेही मान्य केले पाहिजे. १९५७ नंतर पाटबंधारे व वीज, वाहतूक व दळणवळण, अन्न व कृषी ही खाती त्यांनी सांभाळली. मे १९६० मध्ये अमेरिकेशी झालेल्या करारान्वये चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू व १० लाख टन तांदूळ मिळण्याची व्यवस्था त्यांनी केली. टंचाईच्या काळात त्याचा उपयोग झाला. तथापि परकीय धान्यावर विसंबण्याच्या धोरणावर टीकाही झाली.

पंतप्रधानपदाची त्यांची आकांक्षा काल्पनिक नव्हती. नेहरूंनंतर कोण, या प्रश्नावर वेलेस हँगन या अमेरिकन पत्रकाराने १९६३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकातील आठ व्यक्तींत चव्हाणांबरोबर पाटीलही होते. त्याच वर्षी कामराज योजनेनुसार त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. नेहरूंच्या मृत्यूनंतर, १९६४ मध्ये, शास्त्री मंत्रिमंडळात ते रेल्वेमंत्री झाले. काँग्रेसमधील ‘सिंडिकेट’ या गटाचे ते एक आधारस्तंभ होते. हा गट पंतप्रधान ठरवू शके. परंतु त्यातील कोणालाही पंतप्रधान होता आले नाही.

१९६७ मध्ये दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी त्यांचा पराभव केला. फर्नांडिस गोदी, महापालिका व टॅक्सीचालक यांच्या संघटनांतून पुढे आलेले समाजवादी नेते असून १९६१ पासून महापालिकेचे सदस्य होते. शहराच्या माजी महापौराला एका विद्यमान नगरसेवकाने हरविले, ही घटना देशभर गाजली. पाटील यांना हरविता येत नाही, हा समज मोडण्यावरच फर्नांडिस यांच्या प्रचाराचा भर होता. जे कामगार व नोकरदार हे शहर चालवीत, त्यांच्यात पाटील यांची संघटना कधीच खोल रुजली नव्हती. निधी आणि शिस्त यांच्या आधारे उभारलेल्या यंत्रणेची ही उणीव पराभवापूर्वी फारशी कोणाच्या लक्षात आली नाही.

पुढे १९६९ मध्ये गुजरातमधील बनासकांठा मतदारसंघातून पोटनिवडणुकीत ते लोकसभेवर परतले. त्याच वर्षी काँग्रेस दुभंगल्यावर ते संघटना काँग्रेसमध्ये राहिले. १९७१ नंतर त्यांना संसदेत स्थान उरले नाही. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.

मुंबईच्या महापौरपदाचे स्वरूप नंतरही फारसे पालटले नाही. महापौर परिषदेचा १९९८ चा प्रयोग वर्षभरात गुंडाळण्यात आला. १९७६-७७ मध्ये महापौर असलेले मनोहर जोशी १९९५ मध्ये मुख्यमंत्री झाले. त्या वेळी शिवसेनेच्या ७३ व भारतीय जनता पक्षाच्या ६५ जागांचा आधार त्यांना होता आणि त्यांपैकी अनेक जागा मुंबईबाहेरील होत्या. २००२ मध्ये ते लोकसभेचे अध्यक्ष झाले. २००४ च्या निवडणुकीत त्यांचा पराभव मुंबईतच झाला.