वर्गणी देणाऱ्याचा शब्द

अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी शाळकरी खेळाडूंना वळवण्याच्या कामात माजी विद्यार्थी उतरले ते फेसबुक-ट्विटरमुळे, असे आज अनेकांना वाटते. इतिहास मात्र उलट आहे. १८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला फुटबॉल सामना झाला तेव्हा खेळाचा कारभार विद्यार्थ्यांकडेच होता. पुढे खर्च वाढला तशी सूत्रे पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांच्या हाती गेली. वॉल्टर कॅम्प १८८० मध्ये येलमधून पदवीधर झाला, न्यू हेवनच्या घड्याळांच्या कंपनीत नोकरीला लागला आणि तिथूनच वर्षानुवर्षे येलचा फुटबॉल चालवत राहिला. त्याने बाजूला साठवलेला सुमारे एक लाख डॉलरचा निधी १९०५च्या सुमारास उजेडात आला. त्याच सुमारास येलचा कर्णधार जेम्स होगन याची क्यूबाची सहल आणि सिगारेटविक्रीतले त्याचे कमिशन मासिकांतून गाजले. म्हणजे खेळाडूवर नियंत्रण ठेवणारी राष्ट्रीय संघटना जन्माला येण्याआधीच माजी विद्यार्थ्यांचा पैसा मैदानात मुरला होता.

हे कुणाला माहीत नव्हते असेही नाही. कार्नेगी प्रतिष्ठानच्या १९२९च्या अहवालाने पाहणीतल्या सुमारे तीन चतुर्थांश कॉलेजांत खेळाडूंना आडमार्गाने पैसा मिळतो असे नोंदवले. १९४८ मध्ये राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे एनसीएएने, कडक संहिता आणली. तिला लोक ‘शहाणपणाची संहिता’ म्हणत. १९५० मध्ये ती मोडणाऱ्या सात कॉलेजांना काढून टाकायचा ठराव आला. १११ मते बाजूने पडली, ९३ विरोधात; दोन तृतीयांश बहुमत काही जमले नाही आणि वर्षभरात संहिताच गुंडाळली गेली. हकालपट्टीला विरोध करणारे सगळेच भ्रष्ट होते असे नव्हे. पण ज्यांच्या देणग्यांवर स्टेडियम उभे राहते त्यांचाच हात धरायला कॉलेजे धजत नव्हती. १९८० च्या दशकात नियम आवळत गेले आणि देणगीदार हितचिंतकांना खेळाडूच्या घरी जाऊन गळ घालायला बंदी झाली. तरीही डलासच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात हितचिंतकांकडून खेळाडूंना पैसे मिळतच राहिले. फेब्रुवारी १९८७ मध्ये एनसीएएने तिथला फुटबॉलचा पूर्ण हंगामच रद्द केला. पुढच्याच महिन्यात टेक्सासचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स यांनी कबूल केले की हे पैसे चालू ठेवायचा निर्णय विद्यापीठाच्या विश्वस्तांनी घेतला होता आणि त्यात ते स्वतः होते.

यावर कुणी म्हणेल, एखाद्या पोराला ‘आमच्या कॉलेजात ये, मी तिथेच शिकलो’ असे सांगण्यात पाप काय? काहीच नाही, आणि नियमांची अडचण तीच होती. प्रेम कुठे संपते आणि लाच कुठे सुरू होते हे त्यांना सांगता येत नव्हते, म्हणून ते संपर्काचे साधनच बंद करत. २००७ मध्ये प्रशिक्षकांच्या मोबाइल संदेशांवर बंदी आली. २००९ मध्ये बास्केटबॉलपटू जॉन वॉलने आपल्याकडे यावे म्हणून नॉर्थ कॅरोलिना स्टेटच्या एका विद्यार्थ्याने फेसबुकवर गट काढला, तर त्यालाही विद्यापीठाचे ताकीदपत्र गेले. वॉल केंटकीला गेला, ही गोष्ट वेगळी. लाखोंचे व्यवहार दशकानुदशके आडोशाला चालले आणि कचाट्यात सापडला तो एक हौशी पोरगा! ऑनलाइन जगाने नवे आमिष फारसे आणले नाही. पूर्वी जेवणाच्या टेबलावर होणारे बोलणे त्याने सर्वांसमोर आणले.

मग सारे खुले करून टाकले तर? तसेच झाले. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव आणि छबी विकायची मुभा मिळाली आणि काही महिन्यांत माजी विद्यार्थ्यांनी व चाहत्यांनी ‘कलेक्टिव्ह’ नावाची मंडळे काढून उघडपणे वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेनेसीतल्या न्यायालयाने तर प्रवेशापूर्वीच या मंडळांशी बोलणी करायला आड येणारा नियमही स्थगित केला. परंतु खुलेपणाने जुना प्रश्न सुटला नाही: जाहिरातीचे म्हणून दिलेले पैसे खरेच जाहिरातीचे आहेत की कॉलेजात ओढण्यासाठीचे? २०२५च्या न्यायालयीन तडजोडीनुसार ६०० डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेचा करार खेळाडूंना आता तपासणीसाठी कळवावा लागतो, आणि कॉलेजशी संबंधित देणगीदार त्यात असेल तर त्याचा हेतूही पाहिला जातो. कॅम्पच्या निधीचा हिशेब निदान असा कुणी मागितला नव्हता.