घड्याळ कोणाच्या हातात?

१९५३ सालच्या नोव्हेंबरात बी. एफ. स्किनर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आपल्या मुलीच्या वर्गात जाऊन बसले. पालकांनी शाळा पाहायला यावे असा तो दिवस होता. तास गणिताचा. काही मुलांनी उदाहरणे झटपट संपवली आणि ती चुळबुळ करू लागली. काही पहिल्याच उदाहरणावर अडकली होती. आपले उत्तर बरोबर की चूक, हे मात्र दोघांनाही वही तपासून आल्यावरच कळणार होते. यात बाईंचा काही दोष नव्हता. एका माणसाला वर्गभर मुलांना एकाच वेळी निरनिराळ्या वेगाने शिकवता येत नाही. हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही?

स्किनर यांनी घरी येऊन एक यंत्र जुळवायला घेतले. एका पेटीच्या खिडकीतून एक प्रश्न दिसे. मुलाने उत्तर दिले की ते बरोबर की चूक हे लगेच कळे आणि मग पुढचा प्रश्न येई. पुढे केव्हा जायचे हे मूल ठरवी. त्या पेट्या शाळाशाळांतून काही पोचल्या नाहीत. पण छोटे टप्पे, लगेच पडताळा आणि स्वतःचा वेग ही त्यातली तत्त्वे छापील पुस्तकातही आणता येतात, हे दूरशिक्षणाची पुस्तके लिहिणाऱ्यांनी ओळखले.

त्याचे आपल्या जवळचे उदाहरण नाशिकला आहे. जुलै १९८९ मध्ये तेथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले. ते मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही झाले. ब्रिटनमध्ये मुक्त विद्यापीठ १९६९ मध्येच निघाले होते, तेव्हा कल्पना नवी नव्हती. पण नाशिकच्या विद्यापीठापुढचा विद्यार्थी निराळा होता. कोणी सातवीनंतर शेतावर गेलेला, कोणी लग्नामुळे शाळा सुटलेली, कोणी कारखान्यात पाळी करणारा. बारावी उत्तीर्ण नसलेल्या प्रौढांसाठी विद्यापीठाने ‘पूर्वतयारी’ शिक्षणक्रम ठेवला. तो पूर्ण केला की पदवीचे दार उघडे. माझ्या मते, पुढे आलेल्या सगळ्या उपकरणांपेक्षा हा निर्णय मोठा होता.

आता या इतक्या भिन्न लोकांना एकत्र बसवून शिकवणार कसे? तसे शिकवायचेच नाही, असे ठरले. शिक्षक पुस्तकातच बसवायचा. त्या काळी यासाठी ‘स्वयं-अध्ययन साहित्य’ असा शब्द रूढ झाला. अशा पुस्तकातले एखादे घटक उघडून पाहावे. आरंभी उद्दिष्टे असतात: हे वाचल्यावर तुम्हांला काय करता येईल? मग थोडे विवेचन, लगेच दोन-तीन प्रश्न, पुन्हा विवेचन. उत्तरे घटकाच्या शेवटी. वाचक चुकला तर चार पाने मागे जातो, आणि ते दुसऱ्या कोणाला कळत नाही. चाळिशीच्या माणसाला ही गोष्ट किती महत्त्वाची असते, हे प्रौढांना शिकवलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. याच्या जोडीला गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे होती. तेथे भेटणाऱ्या शिक्षकाला विद्यापीठाने ‘समंत्रक’ म्हटले. शब्द जड आहे खरा. पण व्याख्यान देणारा नव्हे, अडले तेथे सल्ला देणारा, हा फरक त्यातून स्पष्ट होतो.

याच सुमारास दुसरे एक साधन जोरात होते: दूरचित्रवाणी. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगात उपग्रहाने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम पोचवले. त्यात महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडे १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. २० सप्टेंबर २००४ रोजी ‘एज्युसॅट’ अवकाशात गेला. त्याच्या प्रायोगिक टप्प्यासाठी निवडलेल्या मोजक्या विद्यापीठांत नाशिकचे मुक्त विद्यापीठही होते. दूरच्या केंद्रात बसून तज्ज्ञाचे व्याख्यान ऐकावे, उलट प्रश्नही विचारावा, अशी ती सोय. चित्र हलते, ज्वालामुखी दिसतो, पेशीचे विभाजन दिसते; पुस्तकाला हे कोठून जमणार? पण एक गोष्ट मात्र मागे गेली होती. कार्यक्रम अकराला म्हणजे अकराला. वीज गेली तर गेला. ज्याला कळले नाही त्याच्यासाठी चित्र थांबत नाही. वर्गात निदान बाई तरी चेहरा पाहून थांबतात! तंत्र नवे होते, पण घड्याळ पुन्हा शिकवणाऱ्याच्या हाती आले होते.

ते मुलाच्या हाती परत जाण्याचा मार्ग एका जिल्हा परिषद शाळेतून निघाला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची कल्पना राबवली. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही ते कोड आले. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ हा पुरस्कार डिसले यांना मिळाला. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो चौकोन म्हणजे पत्ताच: फोनने टिपला की ध्वनी, चित्रफीत वा प्रश्न उघडतात. ज्याला वाचन अवघड जाते तो ऐकतो, ज्याला ऐकू कमी येते तो पाहतो, आणि दोघेही हवे तेथे थांबून मागे जातात. १९८९ च्या पुस्तकातली ‘चार पाने मागे’ची सोय आता चित्रालाही मिळाली.

त्याच २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि सारे काही फोनवर आले. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या नाशिकच्या डोंगराळ तालुक्यांत काम केलेल्या शिक्षकांना पुढचे सांगायला नको. जेथे घरात फोन एकच, तेथे तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जाई आणि अंधार पडल्यावर परत येई. रेंज असेल तर मग धडा उघडायचा, तोवर धाकटे भावंड झोपलेले. राज्यात ठिकठिकाणी शिक्षकांनी स्वाध्याय कागदावर उतरवले आणि घरोघरी नेऊन दिले. काहींनी मुलांना ओट्यावर, झाडाखाली, चार-पाचांच्या गटाने बसवले. कोणी पहिल्या प्रश्नावर अडले होते, कोणाचे सगळे संपले होते, आणि गुरुजी एकेकाच्या वहीपाशी जाऊन बसत होते.