खारपाणपट्ट्यातील हवामान-अभियांत्रिकी : मूर्तिजापूर परिसर

पूर्णा नदीच्या खोऱ्यात जिथे जमिनीखालचे पाणी खारट आहे, त्या भूभागाला वऱ्हाडात खारपाणपट्टा म्हणतात. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून त्याचे क्षेत्र सुमारे ४,६९२ चौरस किलोमीटर भरते. अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्याचा बराच भाग त्यात येतो. बदललेल्या पावसाशी आणि वाढत्या उन्हाशी जुळवून घेण्यासाठी या पट्ट्यात जल, मृदा, यंत्र आणि ऊर्जा या शाखांतील अभियंत्यांनी जे काम केले, त्याचा परिचय या नोंदीत आहे.

पट्ट्याच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची डोंगररांग, आणि मधल्या खोलगट भागात शेकडो मीटर जाडीचा गाळ. वर चिकण काळी माती. निचरा मंद, बाष्पीभवन जबर, त्यामुळे क्षार वाहून न जाता साचत राहिले. दहीहांड्याच्या परिसरात खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढत असत. असे पाणी पिकाला दिले तर त्यातील सोडियममुळे मातीची कणरचना मोडते आणि जमीन चोपण होते. म्हणून इतरत्र हमखास वाटणारा विहिरीचा किंवा बोअरचा उपाय येथे निरुपयोगी ठरतो. मूर्तिजापूर शहरालाही पिण्याचे पाणी काटेपूर्णा धरणातून आणावे लागते.

महाराष्ट्रभर गाजलेले ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे सूत्रही येथे अर्धेच लागू पडते. चिकण मातीत पाणी फार हळू मुरते, आणि जे मुरते ते खालच्या खाऱ्या साठ्याला जाऊन मिळण्याचा धोका असतो. पाऊस पडला तिथेच, जमिनीच्या वर, गोड्या रूपात धरून ठेवणे हाच येथील अभियांत्रिकीचा गाभा आहे.

हे काम आता तातडीचे झाले आहे, त्याचे कारण आकाशात आहे. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दोन दिवसांच्या मुसळधारेने वावर चिभडते, आणि त्यानंतर तीन आठवडे थेंब नसतो. कोरडवाहू कपाशी, तूर, मूग आणि ओलाव्यावरचा हरभरा यांना एकूण पाऊस पुरेसा होऊनही मार बसतो, कारण तो वेळेवर पडत नाही. उन्हाचेही तसेच. मे २०२४ मध्ये अकोल्याचे तापमान ४५ अंशांपलीकडे गेल्यावर जिल्हा प्रशासनाने उष्णतेमुळे जमावबंदीचे कलम १४४ लागू केले होते.

या साऱ्यावरचे सर्वांत मोलाचे उत्तर दिसायला साधे आहे : शेततळे. राज्याच्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत (२०१६) सर्वांत मोठा आकार ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर असा ठेवला होता. बाजूंना दीडास एक उतार दिला तर तळाशी २१ बाय २१ मीटरची जागा उरते आणि सुमारे १,९७० घनमीटर, म्हणजे १९ लाख ७० हजार लिटर पाणी मावते. एक हेक्टरला ५० मिलिमीटरचे एक संरक्षित ओलीत द्यायचे तर ५०० घनमीटर पाणी लागते. बाष्पीभवनाचा वाटा सोडला तरी ऐन फुलोऱ्यात किंवा घाटे भरताना हेक्टर-दीड हेक्टर हरभऱ्याला एक-दोन पाणी देणे साधते. कोरडवाहू शेतीत एवढ्यानेच हंगाम तरतो.

खारपाणपट्ट्यात या तळ्याला आणखी एक अनुकूलता आहे. चिकण मातीतून पाझर कमी असल्याने प्लॅस्टिकच्या अस्तराचा खर्च बहुधा वाचतो. पण तीच माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे उभ्या कडा ढासळतात. म्हणून कडा सपाट उताराच्या हव्यात, पाणी आत येण्याच्या तोंडाशी गाळ अडवणारा खड्डा हवा, आणि जास्तीचे पाणी शेजाऱ्याच्या धुऱ्यावर न जाता नाल्याला मिळेल असा सांडवा हवा. खोलीचा मोह तर टाळलाच पाहिजे, कारण फार खाली गेले की खाऱ्या थराशी गाठ पडते. जेसीबी एका दिवसात खड्डा काढून देतो. त्या खड्ड्याचे तळे करायचे असेल तर वावराचा उतार आधी मोजावा लागतो, आणि सर्वाधिक कसूर याच मोजणीत होते.

हिशेब गावपातळीवर नेण्याचे काम नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने केले. जागतिक बँकेने २०१८ मध्ये या प्रकल्पासाठी ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. पहिल्या टप्प्यातील ५,१४२ गावांपैकी ९३२ गावे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील होती. आयआयटी मुंबईच्या तांत्रिक साहाय्याने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत तयार झाली : पडलेल्या पावसापैकी वाहून किती गेले, मातीत किती राहिले, पिकाने किती वापरले, आणि कोणत्या पिकाला नेमकी केव्हा तूट पडली. एक हेक्टरवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर, हे एकदा उमगले की गावकऱ्यांशी बोलणे आकड्यांत होऊ लागते. २०१७ पासून महावेध प्रकल्पात राज्यभर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळनिहाय उभी राहिली आणि अशा हिशेबांना स्थानिक नोंदींचा आधार मिळाला.

रुंद सरी-वरंबा यंत्र हे दुसरे शांत पण परिणामकारक साधन. या पद्धतीचा पाया हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत काळ्या जमिनीवरील प्रयोगांतून घातला गेला. ट्रॅक्टरमागचे हे यंत्र पेरणीबरोबरच रुंद गादीवाफे आणि दोन्ही बाजूंना सऱ्या पाडते. धो-धो पावसात जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते, ताणाच्या दिवसांत सरीतला ओलावा मुळांना पुरतो. चिभडणे आणि सुकणे या दोन उलट संकटांवर एकच उपाय करणारी अवजारे थोडी आहेत. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (स्थापना २० ऑक्टोबर १९६९) विदर्भाच्या कोरडवाहू शेतीसाठी मृद-जलसंधारणाचे संशोधन करते. चोपण जमिनीसाठी जिप्सम आणि धैंच्याचे हिरवळीचे खत यांची शिफारस केली जाते.

मोठ्या बांधकामांपैकी मूर्तिजापूर तालुक्यात पूर्णेवरचा घुंगशी बॅरेज उल्लेखनीय आहे. नदीच्या पात्रातच पुराचे गोडे पाणी अडवायचे आणि ते उचलून शेताला द्यायचे, अशी बॅरेजची कल्पना. खारपाणपट्ट्यात हे पाणी पाटाने मोकळे सोडणे घातक, कारण जमिनीतील पाणीपातळी वाढली की क्षार वर येतात. बंद नळी आणि तुषार किंवा ठिबक संच हीच येथे योग्य जोड.

पाणी उचलायला वीज लागते. अकोला जिल्ह्यातच पारस येथे २५० मेगावॉटचे दोन कोळशावरील संच आहेत. शेतीला दिवसा सौर वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. शेततळ्यातून पाणी उचलायची उंची जेमतेम काही मीटर असते, त्यामुळे लहान सौर पंपही पुरतो. खोल बोअर नसण्याची ही एक भली बाजू.

रस्ते हा या नोंदीचा कमी चर्चिला जाणारा भाग. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती-अकोला दरम्यान, लोणी ते मूर्तिजापूर तालुक्यातील माना या टप्प्यात, ३ ते ७ जून २०२२ या काळात एका मार्गिकेचे ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि गिनीज विक्रम नोंदला गेला. वेगाचे हे कौशल्य खरेच थक्क करणारे आहे. हवामानाच्या दृष्टीने मात्र रस्त्याखालची मोरी अधिक महत्त्वाची. तिचा आकार जुन्या पावसाच्या आकड्यांवर ठरला असेल, तर नव्या मुसळधारेत महामार्गाचा भराव बांधासारखा पाणी तुंबवतो आणि वरच्या बाजूची वावरे बुडतात. महामार्गासाठी लागणारी माती-मुरूम तलाव आणि नाले खोल करून मिळवण्याची ‘बुलडाणा पॅटर्न’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत याच प्रदेशातून पुढे आली. तिने रस्ता आणि जलसाठा ही दोन कामे एका खोदाईत आणली. खारपाणपट्ट्यात ती वापरताना खोदाईची खोली शेततळ्याइतक्याच काटेकोरपणे ठरवावी लागते.

कृषी संजीवनी प्रकल्पाचा दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांतील ७,२०१ गावांसाठी आखला गेला आहे. पहिल्या टप्प्यातल्या तळ्यांत दरवर्षी गाळ येतोच. तो उपसणे, सांडवे दुरुस्त करणे आणि पाण्याच्या नोंदी चालू ठेवणे यासाठी गावाजवळ तांत्रिक माणूस हवा, आणि त्याच्या पगाराची तरतूद बांधकामाच्या अंदाजपत्रकातच व्हायला हवी.