दवाखान्यातला एक प्रश्न : तंबाखू सोडविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास



 मी मराठीचा अध्यापक. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. परंतु माणसाची सवय आणि ती बदलू पाहणारे शब्द यांचा संबंध भाषेच्या अभ्यासकाला परका वाटण्याचे कारण नाही. नेहमीच्या दवाखान्यात डॉक्टर रुग्णाशी तंबाखूविषयी काय बोलतो आणि त्या बोलण्याने काय साधते, याचा इतिहास आज मांडावयाचा आहे. निपाणीचा तंबाखू ज्या बेळगाव जिल्ह्यात पिकतो, तेथे हा विषय दूरचा नाही.

आरंभ भाषेपासूनच करू. मराठीत सवय 'लागते', व्यसन 'जडते', नाद 'लागतो'. या वाक्यांत माणूस कर्ता नसतो. काहीतरी त्याला येऊन चिकटते. सोडण्याची वेळ आली की मात्र आपण त्याला आज्ञार्थात सुनावतो : 'सोड!' संस्कृतात 'व्यसन' शब्दाचा एक अर्थ संकट असा आहे. संकटात सापडलेल्याशी आपण ज्या स्वरात बोलतो, त्या स्वरात व्यसनात सापडलेल्याशी क्वचितच बोलतो.

प्राचीन वैद्यांना ही अडचण ठाऊक होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात असे सांगितले आहे, की अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट एकाएकी न तोडता अंशाअंशाने सोडावी आणि तिच्या जागी हितकर गोष्ट तशीच क्रमाने आणावी. तंबाखू त्या काळी भारतात नव्हता. पण सवयीचा स्वभाव तोच होता.

तंबाखू आला तो पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर. इ. स. 1604-05 च्या सुमारास अकबराचा अधिकारी असदबेग याने विजापूरहून तंबाखू आणि सुंदर चिलीम बादशहापुढे नेली. दरबारच्या हकिमांनी या अपरिचित वस्तूला हरकत घेतली. असदबेगाचे उत्तर असे, की जगातील प्रत्येक चाल कधीतरी नवीच असते. हकिमांचा सल्ला मागे पडला आणि सरदारांत तंबाखूची चाल पसरली. 1617 मध्ये जहांगिराने बंदीचा हुकूम काढला. तंबाखू मात्र थांबला नाही. तख्तावरून निघालेला हुकूम प्रजेच्या चिलमीपर्यंत पोहोचला नाही, हा या इतिहासातील पहिला धडा.

दुसरा धडा विसाव्या शतकातला. 1950 मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. 1951 मध्ये त्यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांना प्रश्नावली धाडली आणि सुमारे 40,000 डॉक्टरांची माहिती मिळविली. हा पुरावा समोर आल्यावर पुढील वर्षांत खुद्द डॉक्टरांमधील धूम्रपान झपाट्याने घटले. सामान्य माणसाच्या बाबतीत तेवढे घडले नाही. ज्ञान आवश्यक होते, पण पुरेसे नव्हते.

मग एक साधा प्रश्न पुढे आला : रोजच्या गर्दीत डॉक्टरने मिनिट-दोन मिनिटे सल्ला दिला, तर काही फरक पडतो काय? मायकेल रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधील 28 डॉक्टरांच्या साह्याने 2,138 धूम्रपान करणाऱ्या रुग्णांवर हे तपासले. निष्कर्ष 1979 मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या महिन्यात धूम्रपान सोडून वर्षाअखेर सुटलेलेच राहिले असे लोक, ज्यांना काहीच सांगितले नव्हते त्यांत 0.3 टक्के होते. केवळ प्रश्नावली भरून घेतलेल्यांत ते 1.6 टक्के, सल्ला मिळालेल्यांत 3.3 टक्के, आणि सल्ल्याबरोबर पत्रक देऊन 'पुन्हा विचारपूस करू' असे सांगितलेल्यांत 5.1 टक्के. शंभरांत पाच हा आकडा ऐकून कोणी हसेल. परंतु देशातील सर्व डॉक्टरांनी एवढे केले, तर वर्षाला पाच लाखांहून अधिक माणसे सुटतील, असा हिशेब संशोधकांनी मांडला होता. दवाखान्याची शक्ती रोज उघडणाऱ्या दारात असते.

कसे बोलावे, याचा शोध मद्यपानाच्या क्षेत्रात लागला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये एक लेख लिहिला आणि 1991 मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासह ग्रंथ. त्यांचे सांगणे थोडक्यात असे : दटावले की माणूस आपल्या सवयीची वकिली करू लागतो, विचारले आणि ऐकून घेतले की बदलाची कारणे तो स्वतःच्या तोंडाने सांगू लागतो.

समजा, शेतमजुरी करणारी एक बाई खोकल्यासाठी दवाखान्यात आली आहे. 'मशेरी सोडा, नाहीतर कर्करोग होईल' एवढे म्हटले, तर ती मान हलवून औषध घेऊन जाईल. त्याऐवजी 'मावशी, दिवसातून किती वेळा लावता? कधी सोडावीशी वाटली होती का?' असे विचारले, तर ती कदाचित सांगेल, की नातीने तोंडाच्या वासाची तक्रार केली होती. बदलाचे बीज त्या नातीच्या तक्रारीत आहे. डॉक्टरने ते तेवढे ओळखावयाचे.

आपल्याकडेही असे काम झाले आहे, आणि मोठे झाले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी 1977 पासून केरळातील एर्नाकुलम, गुजरातेतील भावनगर आणि आंध्रातील श्रीकाकुलम या जिल्ह्यांत 36,000 तंबाखू सेवन करणाऱ्या ग्रामस्थांच्या घरोघरी जाऊन तोंडाची तपासणी केली, प्रत्यक्ष बोलून सल्ला दिला आणि दरवर्षी पुन्हा जाऊन विचारपूस केली. सल्ला न मिळालेल्यांच्या तुलनेत या लोकांत तंबाखू सोडणारे व कमी करणारे अधिक निघाले, असे 1986 च्या अहवालात नोंदले आहे. अक्षरओळख नसलेला खेडूत ऐकत नाही, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

असे असूनही 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत काय दिसले? प्रौढांतील तंबाखूसेवन 2009-10 मधील 34.6 टक्क्यांवरून 28.6 टक्क्यांवर आले, ही समाधानाची गोष्ट. पण आदल्या वर्षभरात डॉक्टरकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी 48.8 टक्क्यांनाच सोडण्याचा सल्ला मिळाला होता. आणि तंबाखू खाणाऱ्या वा मशेरी लावणाऱ्यांपैकी अवघ्या 31.7 टक्क्यांना. म्हणजे अशा तिघांतील दोघे डॉक्टरपुढे बसून उठले आणि तो शब्द निघालाच नाही. मशेरी लावणारी बाई हुकुमाच्या कक्षेत नव्हती, आणि आता प्रश्नाच्याही कक्षेत नाही.

या भागात आणखी एक भान हवे. 1981 मध्ये निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी रास्त भावासाठी आंदोलन केले आणि गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. तंबाखूवर येथे संसार चालले आहेत. त्यामुळे हा प्रश्न विचारणाऱ्याच्या स्वरात पिकविणाऱ्याविषयी वा विडी वळणाऱ्या बाईविषयी तुच्छता असता कामा नये. ज्या हातांना पानाचा वास आहे, तेच हात नाडी दाखविण्यासाठी पुढे येतात.

या शाळेतून बाहेर पडलेल्यांत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, औषधविक्रेते आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच, की उद्या समोर बसलेल्या प्रत्येकाला तो एक प्रश्न विचारा, उत्तर ऐकून घ्या आणि पुढच्या भेटीत पुन्हा विचारा. शंभरांतील पंचाण्णव जण कदाचित सोडणार नाहीत. उरलेले पाच कोणाचे तरी आईवडील असतील.